खोटारडं जनावर

कोंबडी पळवणाऱ्या कोल्ह्याला माणूस काय म्हणेल? चोर म्हणेल, लबाड म्हणेल, फार तर त्याच्या आईबापाचा उद्धार करील. आमच्या हौसाआत्या त्याला खोटारडा म्हणतात. "मुडदा बशिवला त्या खोटारड्याचा," हे एकदा उसाच्या फडाकडं तोंड करून ओरडून झालं की मगच त्यांच्या चुलीवर चहा चढतो.

माझं चिकनचं दुकान फाट्यावर आहे, कराडहून येताना डाव्या हाताला. मी मूळचा कराडचा. सासऱ्यांचं दुकान सांभाळायला इथं आलो आणि घरजावई झालो, म्हणून अख्खं गाव मला जावई म्हणतं. मान देऊन म्हणतं असं वाटत असेल तर तो तुमचा गैरसमज आहे. माझं नाव सलीम आहे हे फक्त बायकोला आणि लाइटबिलाला माहीत.

आत्या दुकानाच्या मागच्याच अंगाला राहतात. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काटकुळ्या, डोईवरचा पदर कधी ढळायचा नाही. गावठी कोंबड्या पाळतात. त्यातली एखादी मला विकायची वेळ आली की आधी तिची समजूत काढतात. "जा बाई. जावई चांगला हाय, सुरी धारंची ठेवतोय." एकदा मी विचारलं, "आत्या, कोल्ह्यानं नेली तर शिव्या, आणि मी कापली तर चांगला, हे कसं काय?"

"तुमी तोंडावर सांगून कापताय," आत्या म्हणाल्या. "खोटं न्हाई बोलत."

ग्रामसभा तर आत्या बोलल्याशिवाय उठायची नाही. विषय पाण्याचा असो नाहीतर रस्त्याचा, त्या मधेच उभ्या राहणार. "गटाराचं ऱ्हाऊ द्या. कोल्ह्याचं काय केलंसा?" सरपंच कंटाळला आणि एकदा त्यानं फॉरेस्टच्या माणसालाच सभेला आणून बसवलं. तो शहाण्यासारखा म्हणाला, "आजी, कोल्ह्याला मारणं गुन्हा आहे. जेल होते."

"आन् त्यानंच गुन्हा केल्याला असंल तर?"

"त्यानं काय केलं?"

"खोटं बोलला."

सभा नुसती लोळायची बाकी राहिली. फॉरेस्टवाला नवीन होता, त्यानं आपलं सरळपणानं विचारलं, "कुणाशी?" तशा आत्या जागेवर बसल्या आणि सभा संपेपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. मला ते जरा खटकलं. पण मीही हसणाऱ्यांतलाच होतो, घरी जाईस्तवर विसरून गेलो.

तसे कोल्ह्यावरनं गावात दोन तट आहेत. विकासची पोल्ट्री ओढ्याच्या कडेला. जाळी उचकटून पक्षी गेले की तो आठवडाभर धुमसत असतो आणि भेटेल त्याला म्हणतो, सगळे कोल्हे एकदाचे संपवले पाहिजेत. त्याच्या विरुद्ध रामभाऊ. त्यांचा ऊस ओढ्याच्या पलीकडं. "कोल्हा हाय म्हणून उंदरं आवरत्यात," रामभाऊ म्हणतात. "त्याला मारलंसा तर फडात उंदरांमागं काय मी काठी घिऊन पळू?" विकास म्हणतो, कोल्हा ऊसपण खातो की. त्यावर रामभाऊंचं उत्तर ठरलेलं, "खाऊ दे. माझी नातवंडं त्याच्यापरास जास्त खात्यात." मी कुणाच्याच बाजूला नव्हतो. दोघंही माझी गिऱ्हाइकं.

आत्यांच्या घरात त्या आणि त्यांची नात कोमल, अशी दोनच माणसं. कोमलचे वडील म्हणजे आत्यांचा एकुलता एक मुलगा, संभा. तो फौजेत होता आणि कोमल पाळण्यात असतानाच तिकडं मारला गेला. पुढं सुनेचं दुसरं लग्न झालं, नात आत्यांनी ठेवून घेतली. मला ठाऊक होतं ते एवढंच, कारण मी इथं आलो तोवर या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती आणि आत्यांसमोर कुणी तो विषय काढत नसे.

तर ही कोमल गेली दोन-तीन वर्षं रोज डांबरीवर पळायची, आणि आत्या दारातनं ओरडायच्या, "पाय मोडंल गं, मग कोण करंल तुला?" यंदा ती फौजेत भरती झाली. गावानं पेढे वाटले, बोर्ड लावला. आत्यांनीही पेढा खाल्ला. संध्याकाळी दुकानाच्या बाकावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाप गेला त्याच वाटंनं निघाली बगा." मी म्हटलं, आत्या, आता काळ बदललाय. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, झालं.

दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याकडं कोंबडीची आतडी मागायला लागल्या. मी ती टाकूनच देतो, त्यामुळं द्यायला काही नाही. तरी विचारलं, "कशाला हो?"

"मांजराला."

"तुमच्याकडं मांजर कुठाय?"

"येणार हाय," असं म्हणून पिशवी घेऊन गेल्या. मी बायकोला म्हटलं, नात चालली या घोरानं आत्यांचं डोकं फिरलं बहुतेक.

त्याच आठवड्यात विकास दुकानात आला. "जावई, आतडी ठेव माझ्यासाठी. औषध घालून ओढ्याला टाकतो. लय झालं आता." आत्या बाकावरच होत्या. त्यांच्याकडं वळून तो हसत म्हणाला, "आत्या, तुमचंच काम करतोय बगा. इतकी वर्सं वरडताय."

आत्यांचा चेहरा एकदम उतरला. "सोमवारपातूर थांब," त्या म्हणाल्या.

"का?"

"थांब म्हणलं न्हवं."

विकासनं माझ्याकडं बघितलं, मी विकासकडं बघितलं. सोमवारी कोमल जाणार होती, ते दोघांनाही माहीत होतं. पण नात जाण्याचा आणि कोल्हा मरण्याचा काय संबंध, ते काही आम्हाला जुळेना. आतडी मात्र मी देणार नाही, असं मी विकासला स्पष्ट सांगितलं. औषध घातलेलं कोण खाईल, काय नेम?

सोमवारी मी उजाडता उजाडता शटर वर केलं, तर आत्या दारात उभ्या. पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "जावई, जरा चला संगं. एकटीला आज धीर न्हाई."

ओढ्याच्या बांधावर गेलो. पलीकडं रामभाऊंचा ऊस, अलीकडं गावातल्या देवळाकडनं फाट्याला येणारी पायवाट. आत्यांनी बांधावर एका ठरावीक जागी आतडी ठेवली आणि मला घेऊन बाभळीखाली येऊन उभ्या राहिल्या. रोज त्या इथंच येत होत्या तर.

"माझा संभा रजा संपवून निघाला तवा हितंच कोल्हा आडवा आला," त्या हळू आवाजात सांगायला लागल्या. "थांबला आन् सरळ संभाकडं बगितलं त्यानं. संभा म्हणाला, आये, कोल्ह्याचं तोंड बगितलंय, आता मला काय बी व्हत न्हाई. मी बी हसले. घरला जाऊन शेजारच्या बायकास्नी सांगितलं, लय चांगला शकुन झाला म्हणून. कुणाला बी इचारा, कोल्ह्याचं तोंड बगून गेल्याला माणूस हसत माघारी येतो. माझा पेटीतनं आला." पदरानं तोंड पुसलं. "खोटारडं जनावर."

ज्या शब्दाला आम्ही सगळे इतकी वर्षं हसत होतो, त्याच्या मागं हे होतं. मी विचारलं, "मग आत्या, आज पुन्हा त्याच्याच पाया का पडताय?"

"मग दुसरं कोण हाय मला?" आत्या म्हणाल्या.

कोमल देवाच्या पाया पडून पायवाटेनं आली. पाठीवर बॅग, हातात मोबाईल, चालण्यात घाई. आत्या तिच्याकडं बघत नव्हत्या, त्यांची नजर उसावर होती. उसाची पानं हलली आणि कोल्हा बाहेर आला. रोडका, शेपटीचे केस झडलेला. आतडी तोंडात धरली, आणि कोमलच्या पायांचा आवाज आला तसं मान वर करून तिच्याकडं बघितलं.

"आजी, बघ की कोल्हा," कोमल खूश होऊन म्हणाली. "तोंड बघितलं मी त्याचं." बापाची आणि कोल्ह्याची हकीकत तिला कुणी सांगितलेली नव्हती.

आत्यांनी पदराच्या आत हात जोडले होते. मी अगदी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं. "ह्या खेपंला तरी खरं बोल रं बाबा," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालीस गं?"

"काय न्हाई. चल, गाडी चुकंल."

कोमल कराडच्या गाडीत बसली आणि गेली. आत्या गाडी दिसेनाशी होईपर्यंत फाट्यावर उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी कोल्ह्याला एकही शिवी दिली नाही.

विकासनं आतडी दुसरीकडनं आणली असणार. मी विचारलं तर नुसता हसला. थोड्याच दिवसांत रामभाऊंचं कुत्रं ओढ्यात मरून पडलेलं सापडलं, आणि तेव्हापासून संध्याकाळी उसातनं येणारी कोल्हेकुई बंद झाली. पोल्ट्रीवर आता सगळं ठीक आहे. मला मात्र दुकान बंद करताना ती शांतता खायला उठते.

आत्यांना हल्ली कमी ऐकू येतं आणि कमी दिसतं, ते एका परीनं बरंच झालं. रोज सकाळी पिशवी घेऊन जातात, बांधावर आतडी टाकून येतात. गावची कुत्री ती खातात. कोमलचा फोन आला की दुकानात येऊन सांगतात आणि सांगून झालं की विचारतात, "दिसला का वो जावई?"

"दिसला की आत्या. आत्ताच ओढ्याकडं गेला."

"जित्ता हाय न्हवं, मग झालं," त्या म्हणतात. "पोरगी माघारी येस्तवर जगू दे मुडद्याला." आणि काठी टेकत घराकडं वळतात. गावातला खोटारडा गेला, त्याच्या जागी आता मी आहे.