वरून दिसेल तेवढेच

दुपारी माणसाला भूक लागते, ही बाब सर्वमान्य आहे. नकाशा कार्यालयातून निवृत्त झालेले नाना याच सर्वमान्य कारणासाठी रोज कोपऱ्यावरच्या हॉटेलात जात. बायको गेल्यापासून घरचा गॅस पेटे तो फक्त चहापुरता. सूप, पाव आणि सारण भरलेली ढोबळी मिरची, एवढेच ते मागवत. खरे सांगायचे तर ते जात वेटरसाठी. सूप संपत आले की हा लांबट चेहऱ्याचा माणूस टेबलाशी येऊन म्हणे, "नाना, आणखी वाढू?" नाना नको म्हणत, तो वाढी. दिवसभरात नानांची चौकशी करणारे हे एकच वाक्य होते आणि त्यावर त्यांचा दिवस निघत असे.

मग हॉटेल मालकीणबाईंच्या भाच्याच्या हाती आले. भाचा शिकून आला होता. काय शिकून आला होता हे मालकीणबाईंना शेवटपर्यंत कळले नाही, पण फी त्यांनीच भरली होती. त्याने आल्या आल्या 'ऊर्ध्वदर्शन धोरण' लागू केले. ताट आले की त्याचा बरोबर डोक्यावरून फोटो काढायचा, तो जगाला दाखवायचा, मगच चमचा उचलायचा. ज्या ताटाचा फोटो नाही, ते वाढलेच गेले नाही असे समजण्यात येईल. गिऱ्हाइकांनी विरोध केला नाही. ते आधीपासूनच खुर्च्यांवर चढत होते, आता नियमानुसार चढू लागले.

नानांचा फोन फक्त बोलण्याच्या कामाचा होता.

"काळजी करू नका काका," भाचा म्हणाला. "तुमच्या वतीने वेटर काढेल."

वेटर खुर्चीवर चढला. त्या दिवशी तो आणखी वाढायला आला नाही. नानांनी विचारले तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "मनाई आहे नाना. परत वाढलं की फोटोतलं ताट आणि टेबलावरचं ताट जुळत नाही."

पुढच्या आठवड्यात सूप बशीत आले. नानांनी चमचा घातला तो खट्‌कन तळाला लागला.

"अहो, हे सूप की पुसायचं राहिलेलं पाणी?"

"काका, खोली वरून दिसत नाही," भाच्याने समजावले. "जे दिसत नाही त्यावर खर्च कशाला?"

"आयुष्यभर नकाशे काढलेत मी. वरून विहीर आणि डबकं सारखंच दिसतं."

"बघा! तुम्हीच सांगताय. मग विहीर कोण खणणार?"

याच तत्त्वाने मिरचीतले सारणही गेले.

"मिरची पोकळ आहे," नाना म्हणाले.

"वरून दिसतेय का पोकळ?"

"खाताना कळतं ना!"

"खाताना कोण बघतं काका?"

त्यानंतर वाफेचा प्रश्न उपस्थित झाला. वाफेने फोटो धूसर येतो, म्हणून पदार्थ निवल्याशिवाय स्वयंपाकघराबाहेर पाठवू नयेत असे ठरले. आचाऱ्याने थोडी कुरकुर केली. नानांनी मात्र दुसरे हॉटेल शोधले नाही. शेजारच्या टेबलावर वाढताना का होईना, वेटर त्यांच्याकडे बघून मान हलवी. तेवढ्यासाठी ते गार सूप निमूटपणे गिळत.

शेवटचा अडथळा सावलीचा होता. बारकाईने तपासणी केली असता, ताटावर सावली पाडणारी वस्तू म्हणजे खुद्द गिऱ्हाईक, असे निष्पन्न झाले. भाच्याने माळा बांधून घेतला, त्याला काचेची जमीन बसवली आणि सर्वांना वर बसवले. ताटे खाली, बरोबर प्रत्येकाच्या पायांखाली.

"आणि जेवायचं कसं?" नानांनी विचारले.

"तुम्ही खाली आलात की सावली पडते," भाचा शांतपणे म्हणाला. "मग आपण एवढं बांधकाम केलं कशासाठी?"

आसपासची गिऱ्हाइके नानांकडे त्रासून बघू लागली. एका जोडप्याने लग्नाचा वाढदिवस तिथेच साजरा केला आणि तृप्त होऊन पोटावर हात फिरवत घरी गेले. कोणी जेवतच नाही म्हटल्यावर रोज नवे ताट करण्यात अर्थ नव्हता. एकच मांडणी कायम करून तिच्यावर वॉर्निश मारण्यात आले. आचाऱ्याला कमी केले नाही, त्याच्या हाती फक्त ब्रश दिला. गर्दी इतकी वाढली की बाहेर रांग लागू लागली.

एके दिवशी नानांना राहवले नाही. ते जिना उतरले, खालच्या टेबलाशी बसले आणि त्यांनी मिरचीचा घास घेतला. घास तुटेना. त्यांनी जोर लावला, तेव्हा दात हलला. त्यांना बायकोची आठवण आली आणि भर दुपारी, भरल्या ताटासमोर, त्या म्हाताऱ्या माणसाला रडू आले. रडता रडता ते ताटावर वाकले. भिंतीशी उभा असलेला वेटर लगबगीने पुढे आला. पण वरून भाचा ओरडला, "बाजूला हो, फोटोत येतोयस!" आणि वेटर बाजूला झाला. त्यालाही घरी चार तोंडे होती. काचेवर सगळे वाकले आणि फोटो निघाले.

संध्याकाळी परगावच्या लेकीचा फोन आला.

"बाबा, काय ताट आहे हो! सगळीकडे तुमचंच ताट. कितीतरी लोकांना आवडलंय!"

"अगं, मी जेवलो नाही."

"असं कसं? फोटोत तर भरलेलं दिसतंय."

"भरलेलंच होतं ते."

"मग झालं तर! ठेवते हं, गडबडीत आहे."

यावर लेकीला नावे ठेवण्याचा मोह होईल. तिने निदान फोन तरी केला. ते ताट तुमच्याही समोर आले होते. तुम्ही ते पाहिलेत, पसंत केलेत आणि बोटाने सरकवून पुढच्या ताटाकडे गेलात. फोटोच्या एका कडेला कुणाचे तरी पांढरे डोके आले होते. तेवढे कापायला हवे होते, असे तुम्ही शेजारच्याला म्हणालातसुद्धा.