टर्कीची वरात

टर्की मारला की तिथल्या तिथे, जंगलातच, त्याचं पोट साफ करायचं असतं, नाहीतर मांस नासतं. आमच्या अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण त्या शनिवारी सकाळी सव्वासातला, बारा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या बंदुकीचे छर्रे झाडाच्या बुंध्याऐवजी टर्कीला लागले आणि मी ठरवलं की पोटबीट नंतर पाहू. आधी गावाला दाखवू.

एवढंच ठरवलं होतं मी. यात काय वाईट होतं, सांगा बघू.

(खरं सांगायचं तर पोट कसं साफ करतात हे मी बारा वर्षं नुसतं ऐकत आलो होतो. ऐकताना मान हलवायची मला उत्तम सवय आहे. काउंटीच्या कचेरीत गाड्यांच्या नोंदणीच्या खिडकीवर सतरा वर्षं मी तेच करतो.)

माझी घाई समजायची तर तुम्हाला माझ्या सासऱ्यांची शेड माहीत हवी. सासरे म्हणजे एल्ब्रिज टॅकेट. त्यांच्या शेडच्या लांब भिंतीवर खिळ्यांची रांग आहे. प्रत्येक खिळ्याखाली फळीवर घरातल्या एकेकाचं नाव डागलेलं, आणि खिळ्यावर त्या माणसानं मारलेल्या पहिल्या टर्कीच्या शेपटीचा पंखा, छान पसरून वाळवलेला. माझी बायको वॅनेटा, तिनं आपला पंखा अकराव्या वर्षी लावला. सासूबाईंनी त्यांचा लावला तेव्हा वॅनेटा पोटात होती आणि नववा महिना चालू होता (असं त्या सांगतात, आणि त्यांना खोटं ठरवायची माझी टाप नाही). माझ्या मेहुण्यानं शिकागोची बायको केली. तिनं तोवर टर्की फक्त ताटात पाहिला होता, तरी पहिल्याच वसंतात खिळा भरून मोकळी झाली. शेवटचा खिळा माझा. लग्नाच्या दिवशी, केक कापायच्या आधी, सासऱ्यांनी तो स्वतः ठोकला आणि खाली 'लाइल' असं डागलं. त्यानंतर बारा वर्षं ते त्यावर आपली टोपी अडकवतात. "तुझं काही अडत नाही ना?" असं दर वेळी विचारतात. माणूस सभ्य आहे.

खिळा रिकामा असेतोवर मी त्यांना 'मिस्टर टॅकेट' म्हणायचं, आणि नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला मोठ्या टेबलाऐवजी पोराटोरांच्या घडीच्या टेबलावर बसायचं, असा घरचा कायदा. एक्केचाळिसाव्या वर्षी हनुवटीला गुडघे टेकवून क्रॅनबेरीची चटणी खाऊन बघा, मग मला हसा.

तर तो टर्की. मी ओकच्या बुंध्याला टेकून डुलकी काढत होतो (शिकारीच्या भाषेत याला दबा धरणं म्हणतात). डोळा उघडला तर वीस पावलांवर तो उभा, आणि छातीवर दाढी. दाढी म्हणजे छातीतून लोंबणारा राठ केसांसारखा झुपका. तो नराला असतो, आणि आमच्याकडे वसंतात फक्त दाढीवाला पक्षीच मारता येतो. मी दाढी पाहिली. बाकीचा पक्षी पाहत बसायला वेळ कुणाला होता?

पायाला परवान्याचा टॅग बांधला आणि रेंजसाठी टेकडीवर चढून शिकारीची नोंद करायला वन्यजीव खात्याला फोन लावला. रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, पूर्ण वाढलेला नर असेल तर एक दाबा, तरणा नर असेल तर दोन दाबा, दाढीवाली मादी असेल तर तीन दाबा. मला हसूच आलं. म्हणजे शंभरातल्या एखाद्या मादीला दाढी फुटते म्हणतात, पण तिला मारून वर तीन दाबणारा इसम कसा दिसत असेल, घरी कुठल्या तोंडानं जात असेल, या विचारानं मी बराच वेळ एकटाच हसलो. मग अंगठ्यानं दणकून एक दाबला.

पिकअपचं मागचं फळकूट उघडं टाकलं, त्यावर टर्की नीट दिसेल असा झोपवला आणि ताशी पंधरा मैलांनी गावात शिरलो.

पहिला थांबा हॉलिसचं जनावरांच्या खाद्याचं दुकान. हॉलिस दर वसंतात शिकाऱ्यांचे फोटो काढतो आणि निवडक बारा पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर छापतो. गावात यापेक्षा मोठा मान नाही.

"लाइल, हे तू मारलंस?"

"नाही, आपणहून गाडीत चढला."

हॉलिसनं बोटानं दाढी उचलली. मग पाय पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. "काटे कुठायत?"

नराच्या पायांना मागे काटे असतात. जितका म्हातारा नर तितके ते लांब.

"झिजले," मी म्हणालो. "किती मारामाऱ्या केल्या असतील यानं, विचार कर."

"करतोय," हॉलिस म्हणाला आणि त्यानं वजन केलं. साडेनऊ पौंड भरलं. चांगला नर विसाच्या घरात जातो.

"म्हातारपणी अंग उतरतं," मी त्याला समजावलं.

"आमच्या वडिलांचंही असंच झालं," असं म्हणून तो घाईघाईनं मागच्या गोदामात गेला. आतून खोकल्याचा आवाज येत राहिला. गोदामात धूळ फार असते. परत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. त्यानं मला पक्षी छातीशी धरायला लावून चांगले पाच फोटो काढले. "कॅलेंडरला घेतो हा," तो म्हणाला. "शब्द देतो."

दुसरा थांबा ओपलचं हॉटेल. काउंटरवर कॉफी पीत बसलेले सहाच्या सहा जण बाहेर आले, ओपलही हात पुसत आली. सगळे गाडीभोवती गप्प उभे राहिले. एकानं तर टोपी काढली.

"रंग जरा तपकिरीच वाटतो," तो म्हणाला.

"उन्हातान्हात आयुष्य काढलंय त्यानं."

"डोकं पण बारीक आहे रे."

"डोक्यानं काय होतं?" मी म्हणालो. "मी सतरा वर्षं सरकारी नोकरीत आहे."

यावर त्याला जो ठसका लागला तो दोघांनी पाठ थोपटली तरी थांबेना. ओपलनं मला फुकट डोनट दिला (ती स्वतःच्या भावाकडूनही पैसे घेते) आणि टर्कीच्या अंगावर बर्फाच्या दोन पिशव्या टाकल्या.

"पोट साफ केलंस ना?"

"घरी जाऊन करतो."

"घरीच कर," ती म्हणाली. "एल्ब्रिजच्या समोर कर. त्यालाही बघू दे."

मग सलून झालं, टायरवाला झाला, चर्च झालं. गंमत म्हणजे मी पोचायच्या आधीच लोक दारात येऊन उभे असत. मला भरून येत होतं. या गावानं आपल्याला ओळखायला बारा वर्षं लावली, पण ओळखलं तर मनापासून, असं वाटत होतं. सगळ्यांना खोकला मात्र झालेला दिसला. साथ असावी.

साडेदहाला वॅनेटाचा फोन. "कुठेयस तू? बाबांना चार फोन येऊन गेले."

"काय म्हणाले लोक?"

"तू आधी घरी ये. आणि ते पोट साफ केलंस का?"

"सगळे पोटाचंच काय विचारताय?"

तिलाही खोकला झाला होता.

शेडमध्ये सासरे, सासूबाई आणि वॅनेटा तिघं उभी होती. सासऱ्यांनी माझ्याकडे न बघता आधी खिळ्यावरची आपली टोपी काढून डोक्यावर ठेवली. मग ते फळकुटाशी आले. पक्षी एकदा या कुशीवर केला, एकदा त्या कुशीवर, आणि फार शांतपणे म्हणाले, "पंखा नंतर. ज्यानं मारला त्यानं साफ करायचा."

वॅनेटा कानाशी आली. "लाइल, चक्कर येतेय म्हणून सांग. मी करते."

"बारा वर्षं थांबलोय मी."

"म्हणूनच सांगतेय."

मी सुरी घेतली. पिसं नाकात गेली, तोंडात गेली, एक कानात गेलं. ऐकून हलवलेली मान कामाला येत नाही, हे मला तेव्हा कळलं. अखेर कसंबसं पोट चिरलं आणि हात आत घातला.

"हळू," सासरे म्हणाले. "फुटेल."

"काय फुटेल?"

"काढ तर."

हाताला काहीतरी गुळगुळीत, टणक लागलं. मी ते बाहेर काढलं. अंडं होतं. फिकट, तपकिरी ठिपक्यांचं, अख्खं.

मी अंड्याकडे पाहिलं, टर्कीकडे पाहिलं आणि म्हणालो, "यानं हे गिळलं कसं?"

सासूबाई सगळ्यांत आधी बोलल्या. "गिळलेलं नाही रे बाळा. घालायचं राहिलंय."

वॅनेटा जी हसत सुटली ती मक्याच्या पोत्यावरच बसली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र सगळी वरात उलटी फिरू लागली. चर्च, टायरवाला, सलून, डोनट, हॉलिसचे ओले डोळे. सगळ्यांनी पहिल्या नजरेत ओळखलं होतं आणि एकानं म्हणून तोंड उघडलं नव्हतं. लाज तर वाटलीच, पण हातातल्या त्या अंड्याकडे बघून त्या बिचारीचंही वाईट वाटलं. तिनं माझं काय बिघडवलं होतं? दाढी फुटली एवढाच तिचा गुन्हा.

बर्फामुळे मांस चांगलं राहिलं होतं. ते धुवायला दोघी घरात गेल्या. मी रिकाम्या खिळ्याखाली अंडं धरून उभा राहिलो. आता पुढचं थँक्सगिव्हिंगही घडीच्या टेबलावर, हे मी मनाशी मान्य केलं.

सासऱ्यांनी शेडचं दार लावून घेतलं. मग कोपऱ्यात टांगलेलं हॉलिसचं कॅलेंडर वर उचललं. मागे भिंतीवर एक छोटासा, तपकिरी पंखा होता, खाली पेन्सिलीनं लिहिलेलं: एप्रिल १९७४.

"माझा खरा पहिला हा," ते म्हणाले. "समोरचा मोठा आहे तो दुसरा. हिलाही दाढी होती. काटे नव्हते. मला वाटलं, झिजले असतील."

बारा वर्षांत मला हा माणूस पहिल्यांदाच आपला वाटला. "आणि कुणालाच कळलं नाही?"

"कसं कळेल? जंगलातच पोट साफ केलं, अंडं पाहिलं आणि गप्प बसलो." त्यांनी कॅलेंडर खाली सोडलं. "पक्षी तोच, लाइल. फक्त मी तिची गावातून वरात काढली नाही."

"मग माझाही पंखा मागेच लावू या का?"

"तुझा लपवून काय उपयोग? ओपलच्या काउंटरवर सहा जण होते." ते सुरी पुसू लागले. "कायद्यानं चालतं आपल्याकडे. पक्षी मारलास, खिळा तुझा. एल्ब्रिज म्हण मला आता."

पंखा मीठ चोळून, पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणून दोन आठवडे वाळवला आणि माझ्या खिळ्यावर चढवला. खात्याला पुन्हा फोन करून मी हळूच तीन दाबला. रेकॉर्ड केलेल्या बाईनं पहिल्याइतक्याच आनंदानं अभिनंदन केलं. गावात तेवढी एकच बाई मला हसली नाही.

थँक्सगिव्हिंगला मोठ्या टेबलावर बसलो. जेवण दोन तास चाललं आणि विषय एकच होता. काट्यांचं म्हातारपण मेहुण्यानं तीनदा सांगितलं, शिकागोच्या वहिनीनं अंडं गिळणाऱ्या टर्कीची नक्कल करून दाखवली. पलीकडे घडीच्या टेबलावर पोरं आपापल्या बटाट्यात तोंड घालून शांत जेवत होती. गुडघे दुखायचे, पण जागा वाईट नव्हती.

जानेवारीत हॉलिसनं शब्द पाळला. नव्या कॅलेंडरवर एप्रिल महिना माझा आहे. दाढीवाली कोंबडी छातीशी धरून मी बत्तीस दात दाखवतोय. एल्ब्रिजनं ते नेहमीच्याच जागी टांगलं, त्यामुळे त्यांची चौऱ्याहत्तरची कोंबडी आता माझ्या फोटोमागे अगदी सुरक्षित आहे (तुम्हाला म्हणून सांगितलं, कुठे बोलू नका). आज डिसेंबरची नऊ तारीख. बाहेर बर्फ पडतंय, आणि एल्ब्रिजच्या शेडमध्ये अजून एप्रिल चालू आहे.