सुनेचं गोड बोलणं

"म्हणजे भाजीत मीठ कमी पडलंय असं तुम्हाला वाटतंय. हो ना, आई?"

सासूबाईंचा घास हातातच राहिला. मिठावरून त्या घरात आजवर दोनच गोष्टी व्हायच्या. एक तर सून मिठाची बरणी समोर आदळायची, नाहीतर "आम्हाला नीट लागतंय" म्हणून मोकळी व्हायची. आज ती मान तिरकी करून सासूबाईंचंच वाक्य त्यांना परत वाढत होती.

"वाटत नाही. आहे कमी," सासूबाई म्हणाल्या.

"मोकळेपणानं सांगितलंत, मला आवडलं," सून म्हणाली. उठून मीठ घेऊन आली आणि बरणी अलगद ठेवली.

सासूबाईंना पुढचं जेवण गेलं नाही. कारण नसताना कुणी गोड बोलायला लागलं की आपली पिशवी आधी चाचपावी, हे त्यांना नणंदांनी फुकट शिकवलं होतं. शाळा त्यांनी बाहेरूनच जास्त पाहिली होती, पण माणूस त्यांना पाठमोरा असला तरी वाचता येई.

सून मात्र शाळेतली शिक्षिका. मुलांना सुट्टी लागली होती, पण सरकारी अनुदानातून शिक्षकांचं कसलंसं प्रशिक्षण चाललं होतं. सकाळी धडधाकट जायची आणि दुपारी बिघडून यायची. एके दिवशी तिनं चादरीच्या घडीचं कौतुक केलं. "कोपऱ्याला कोपरा किती नेमका जुळवलात, आई." मग एकदा पलंगावर बसलेल्या सासूबाईंच्या पुढ्यात उकिडवी बसली आणि डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "तुम्हाला आज राग आलाय. राग येण्यात काही चूक नाही."

"मला राग आला की शेजाऱ्यांनाही कळतं, तू कशाला सांगतेस? ऊठ, गुडघे धरतील."

सासूबाईंनी लेकाला गाठलं. "तुझ्या बायकोला झालंय काय?"

"कुठं काय? चांगली तर बोलते."

"तेच विचारतेय."

लेकानं वर्तमानपत्र वर धरलं. कडेनं दिसणारे कान लाल झाले होते. लहानपणी साखर चोरली की असेच व्हायचे.

संशयाला पाय फुटले ते गॅलरीच्या दाराशी. सून कपडे वाळत घालता घालता फोनवर बोलत होती. "हो गं, जागा बदलली की फरक पडतो म्हणतात, म्हणून हलवून बघणार आहे. महिनाअखेरच्या आत उरकायला हवं, नाहीतर पैसे परत जातील. गुरुवारी एक बाई बघायला यायच्यात. छे, आईंना काही कळू दिलेलं नाही. कळलं तर संपलंच."

सासूबाईंनी भिंत धरली. जागा हलवणार. बाई बघायला येणार. म्हणजे वृद्धाश्रम. मेंढरालासुद्धा कापण्याआधी गोंजारतात. ज्या घराच्या विटांवर आपण स्वतः पाणी मारलं, त्या घरातून आपल्याला उचलायचं?

भांडायला जीभ शिवशिवत होती, पण त्यांनी ती दाताखाली धरली. कांगावा केला तर येणारी बाई म्हणणार, बघा, म्हणूनच पाठवतायत. त्यापेक्षा इतकं गुणाचं वागायचं, की अशी सोन्यासारखी बाई घराबाहेर काढता म्हणून तिनं यांनाच झापावं.

गुरुवारी जाड चष्म्याच्या बाई आल्या. सासूबाईंनी चहाचा कप स्वतः त्यांच्या हातात दिला. "आमच्या सुनेनं केलाय. तिच्या हाताला चवच वेगळी."

सुनेनं चमकून नवऱ्याकडं बघितलं.

"घरात काही तक्रार?" बाईंनी विचारलं.

"छे हो. पुढ्यात येईल ते खाते, सांगतील ते ऐकते. माझा त्रास म्हणून कुणाला नाही."

बाईंनी कप पलंगावर ठेवला आणि सुनेकडं वळल्या. "मॅडम, ही चक्क फसवणूक आहे. अनुदान अवघड विद्यार्थ्याला हाताळायला शिकण्यासाठी आहे. सुट्टीत मुलं मिळत नाहीत, नियमात वयाची अट नाही, म्हणून घरातलं माणूस चालवून घेतलं. पण ते अवघड तरी हवं की नको? ह्या तर गरीब गाय आहेत. हे पैसे परत जाणार, आणि तुमच्या शाळेतल्या कुणालाच पुढं प्रशिक्षण मिळणार नाही."

"अवघड आहेत हो मॅडम," सून रडकुंडीला आली. "शपथेवर सांगते. कुणालाही विचारा."

"मी साक्ष देतो," लेक म्हणाला.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "विद्यार्थी कोण?"

सुनेनं मान खाली घातली. "तुम्ही, आई. हट्टी मुलाशी कसं बोलायचं ते शिकवलंय आम्हाला, आणि ते जमतंय का हे तपासायला या मॅडम आल्यात. मुलं सुट्टीवर, आणि पैसे तर याच महिन्यात संपवायचे. विद्यार्थ्याला सांगायचं नाही, हाही नियमच."

"आणि मला हलवणार होतीस ते?"

"अवघड मुलाला खिडकीजवळ बसवावं म्हणतात. आमच्या खोलीत खिडकीखाली तुमचा पलंग टाकायचा विचार होता."

सासूबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. पण तो उतरताच खालून दुसरं काहीतरी वर आलं. गरीब गाय? आयुष्यभर खपून कमावलेलं नाव, आणि ही परकी बाई एका कप चहात बुडवून चालली?

"बाई, तो कप उचला आधी," त्या म्हणाल्या. "पांढऱ्या चादरीवर चहा ठेवायला तुमच्या आईनं शिकवलं की सरकारनं? आणि पोक काढून काय बसता? ताठ बसा. दुसऱ्याच्या घरात येऊन दुसऱ्याची सून रडवायची नाही. ती मी रडवीन, नाहीतर कुणी नाही. चहा संपवा. आमच्याकडं टाकत नाहीत."

बाई ताठ झाल्या. गार चहा त्यांनी निमूट संपवला.

"पात्र आहेत," त्या बारीक आवाजात म्हणाल्या. दारात गेल्यावर मात्र त्यांना पुन्हा धीर आला. "पुढच्या महिन्यात परत येईन. तेव्हा सुधारणा दिसली पाहिजे. नाही दिसली तर खर्च केलेले पैसेही परत."

दार लागलं. लेक आणि सून सासूबाईंकडं बघत राहिले.

सासूबाईंनी सावकाश चादर ओढून घेतली, कोपऱ्याला कोपरा जुळवला. "म्हणजे सुधारणा माझ्या हातात आहे तर."

"हो, आई," सून म्हणाली. हे उत्तर तिला प्रशिक्षणात कुणी शिकवलेलं नव्हतं.

"बघू. हवापाण्यावर असतं ते. पलंग कधी हलवताय?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि मुकाट्यानं पलंगाच्या दोन बाजू धरल्या. तो दोघांच्या खोलीत खिडकीखाली टेकल्यावर सासूबाई वर बसल्या. झुळूक आली तशी त्यांनी डोळे मिटले, मग एकच उघडून सुनेकडं रोखला.

"इतकी वर्षं ही एवढी हवा तुम्ही दोघंच खात होतात होय गं?"