प्रसादाच्या शिऱ्यावर तुटलेला दात

कराव्याच्या गोटीरामशेठनी चिंबोरीची नांगी दातात धरून दाबली आणि नांगीऐवजी दातच कटकन तुटला. वरचा, अगदी समोरचा. आता दात कुणाचाही तुटतो, त्यात काय एवढं? पण शेठची गोष्ट निराळी होती. मुलाची, केतनची, स्थळं हातातोंडाशी येऊन मोडत होती, म्हणून त्यांची बायको गोजरा एकवीरा आईला नवस बोलली होती. लग्न ठरेपर्यंत मासळी, खेकडे, कुठल्याच म्हावऱ्याला शिवायचं नाही. रविवारी नावड्याहून मुलीकडची माणसं सुपारी फोडायला यायची होती. इतके दिवस भेंडी-पडवळावर दम काढला, आणि ऐन वेळी शेठनी दोस्त दिनानाथच्या घरी माती खाल्ली.

तोंडाला रुमाल लावून ते घरी आले. कशानं तुटला, असं गोजरानं विचारल्यावर घाईघाईत बोलून गेले की दिनानाथकडे सत्यनारायण होता, प्रसादाच्या शिऱ्यानं तुटला. झालं! पूजा केली आणि आपल्याला बोलावणं नाही, म्हणून गोजरानं दिनानाथच्या बायकोला, पुतळाला, फोनवर चांगलंच झापलं. पुतळा बिचारी चिंबोऱ्यांचा टोप घासत होती. ती काय ते समजली, घाईत झाली पूजा म्हणाली, आणि मुकाट्यानं शिरा करून वाटीभर पाठवून दिला. गोजरानं वाटीला हात जोडले आणि मग तो शिरा बोटांनी चिवडून पाहिला. त्यात खडा नव्हता. दात तुटावा असं काहीच नव्हतं.

सीवूड्सच्या दवाखान्यात तू कशाला येतेस, असं शेठ तिला परोपरीनं सांगत होते. ती आलीच, आणि खुर्चीशेजारी पर्स मांडीवर घेऊन बसली.

"काका, कशावर तुटला?" डॉक्टर शुभदानं विचारलं.

"शिऱ्यावर," गोजरानं उत्तर दिलं.

डॉक्टरनं भुवया उंचावल्या. तिनं एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि समजावून सांगितलं. चांगला दात टणक काही चावताना तुटला असेल, तर त्याच रंगाचा मसाला लावून भरता येतो, नाहीतर वर कॅप बसवता येते. नस उघडी पडली असेल तर आधी रूट कॅनल. पण इथं मुळाशी अंधूक सावली दिसत होती. ती मार बसल्याची, की दात आतून कुजल्याची, हे काही धड कळत नव्हतं.

"शिऱ्यानं तुटतोय म्हणजे मूळच गेलंय, काका. काढलेला बरा. मग शेजारच्या दातांवर ब्रिज, नाहीतर हाडात स्क्रू घालून इम्प्लांट. वेळ लागेल मात्र."

शेठ पेचात पडले. खरं सांगावं तर नवस मोडल्याचं गोजराला कळणार, आणि रविवारी काही बिनसलं तर त्याचं खापर जन्मभर आपल्या डोक्यावर. खोटं रेटावं तर चांगला दात जाणार. पोराचा विचार करून त्यांनी ठरवलं, जाऊ दे दात. लेकाच्या संसारापुढे दाताचं काय मोल? डोळे मिटून त्यांनी आ केला. बापाचं काळीज होतं ते. पण एक डोळा किलकिला राहिला आणि त्याला डॉक्टरच्या हातातली सुई दिसली. शेठनी तिचं मनगट धरलं.

"चिंबोरी," ते म्हणाले. "दिनानाथकडं चिंबोरी खाल्ली मी."

डॉक्टरनं सुई ट्रेमध्ये ठेवली आणि हसू दाबत म्हणाली, मग मसाला भरून काम भागेल, रविवारी कुणाला कळणारही नाही. शेठचं तिकडे लक्षच नव्हतं. ते भरल्या डोळ्यांनी बायकोकडे बघत होते.

"मोडला ना नवस माझ्यामुळं?"

"नाय मोडला," गोजरा शांतपणे म्हणाली. "आईला मी माजं नि केतनचंच नाव सांगलंय. तुमचं घेतलंच नाय. तुमच्यानं व्हनार नाय, मना ठावं व्हतं."

शेठ खुर्चीत ताठ बसले. "मग मला इतके दिवस भेंडी कशाला घातली?"

"तुमच्या एकल्यासाठी दुसरा टोप कोन चढवनार?"

यावर शेठनी जो आ केला, तो मिटलाच नाही. डॉक्टरनं तेवढ्यात दात भरून टाकला.