डावी किडनी कुणाची कोण

माझी प्रतिकारशक्ती सोमवारी सकाळी माझ्याआधी संशोधन केंद्रात जाऊन बसली आणि तिने माझ्या डाव्या किडनीला घराबाहेर काढण्याची मागणी केली. मी बसने मिरजेला पोहोचले तोवर तिचा नंबर लागलाही होता. उंची माझीच, तोंडवळाही माझाच. फक्त तिच्या गालांवर तांबडा चट्टा नव्हता. तो तिने माझ्या गालांवर उठवला होता.

मी खो-खोची पंच आहे. सामन्यात मी सख्ख्या भाचीलाही सूट दिलेली नाही. पण ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्तीच आपल्या अंगावर उलटण्याचा आजार, झाल्यापासून दोन वर्षं माझा मैदानावर पाय पडला नव्हता, कारण मला ऊन लागलं की ही बाई पिसाळायची. आधी गुडघे झाले, मग बोटं, आणि आता ती किडन्यांवर घसरली होती. तिथल्या संशोधक डॉ. शर्वाणी घोरपडे यांनी मला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "नीलाक्षीताई, डावी गेली तर उजवी फार टिकायची नाही. मग डायलिसिस. मैदान विसरायचं." किडनीपेक्षा मैदानाचं ऐकून मला जास्त रडू आलं. आपल्याच गड्याच्या मागे धावणारा खेळाडू मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि तो निघाला माझ्याच अंगात.

"तुमची तक्रार काय?" डॉक्टरांनी प्रतिकारशक्तीला विचारलं.

"घरात दोन परक्या बायका राहतात. मागच्या बाजूला असतात, पुढे म्हणून येत नाहीत. कुणाच्या तुम्ही, असं विचारलं तर म्हणतात, इथल्याच. सगळे घुसखोर हेच सांगतात. आधी डावीला काढा."

"अहो, त्या जन्मापासून आहेत."

"पुरावा?"

डॉक्टरांनी पुरावा काढला. एका कागदावर किडनीच्या पेशीतली जनुकं होती, दुसऱ्यावर नीलाक्षी तगारे या बाईची, म्हणजे माझी. दोन्ही अगदी तंतोतंत सारखी. प्रतिकारशक्तीने दोन्ही कागद खिडकीपाशी उजेडात धरून पाहिले आणि परत दिले.

"कागद कुणीही करून आणतं. मागे एक विषाणू असलेच कागद दाखवून आत आला होता. त्यापेक्षा मला पुन्हा गोळ्या देऊन झोपवा. मात्र मागच्यासारखा न्यूमोनिया आत शिरला, तर मला उठवायला येऊ नका."

यात खोटं काही नव्हतं. आजवर सगळ्यांनी तिला झोपवण्यावरच संशोधन केलं होतं. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. तिला जागी ठेवायचं आणि ओळख करून द्यायची. फक्त ती कशी करून द्यायची, हे अजून कुठे छापून आलेलं नव्हतं.

माझा संयम सुटला. "तू त्यांना कधी समोर बसवून पाहिलंयस का गं?"

"नाही."

"मग न बघताच बाद देतेस? असा निर्णय मी दिला असता तर प्रेक्षकांनी मला फोडून काढलं असतं!"

तेव्हा डॉक्टरांनी डाव्या किडनीला आत बोलावलं. पदराला हात पुसत ती आली. तिचे पाय सुजले होते आणि तोंडही. उजवी आली नाही, कुणीतरी कामावर राहायला हवंच होतं. डॉक्टरांनी दोघींना एका बाकावर बसवलं आणि चहा मागवला. तोच प्रयोगाचा मुख्य भाग होता.

दोघींनी तोंडं फिरवून कप उचलले. पण आपल्याकडची दोन माणसं एका बाकावर चहा घेऊन बसली की किती वेळ गप्प राहणार?

"मूळच्या कुठल्या?" प्रतिकारशक्तीने शेवटी विचारलं.

"इथल्याच."

"ते झालं हो. कांजिण्यांच्या साली कुठे होता?" लोक लग्नांवरून वर्षं लक्षात ठेवतात, ही आजारांवरून ठेवते. एकदा आलेला आजार ती विसरत नाही.

"इथेच की. नीलाक्षी तेव्हा चौथीत. तापात पाण्याचा घोट घेईना, आमचे नुसते हाल."

"तुमचे कसले हाल? लढले मी!"

"लढलात तुम्हीच. पण त्या लढाईची घाण कुठे जायची? आमच्याकडे यायची. आम्ही दोघींनी गाळून गाळून बाहेर काढली. टायफॉइडच्या वेळीही तेच. तेव्हा तर तुम्ही काही शिल्लकच ठेवलं नव्हतं."

प्रतिकारशक्तीने कप खाली ठेवला. "त्या तुम्ही होता?"

"मग कोण?"

"मला वाटायचं, ते आपोआप जातं."

"आपोआप काही जात नाही, बाई."

"अगं बाई," प्रतिकारशक्ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही माझ्या बरोबरीच्या. इतकी वर्षं माझ्या मागचं आवरत होता आणि मी तुमच्यावरच..." तिने वाकून डावीच्या सुजलेल्या पायांवर हात ठेवला. "फार दुखतं का हो?"

"उतरेल आता," डावी म्हणाली.

मी हमसून रडले. डॉक्टरांनी आधी निरीक्षण टिपून घेतलं आणि मग त्याही रडल्या.

महिन्याभरात लघवीतून जाणारं प्रोटीन थांबलं. डॉक्टरांनी सांध्यांना चहाला बोलावलं, मग गालांना. गाल लाजरे, त्यांची ओळख निघायला दोन बैठका लागल्या. मग जिल्ह्याच्या अंतिम सामन्याचं मला बोलावणं आलं आणि डॉक्टर म्हणाल्या, "जा. टोपी घाला आणि जा."

सांगलीच्या मैदानावर भर उन्हात मी उभी राहिले. चुन्याच्या रेषा इतक्या पांढऱ्या दिसत होत्या की मला मोठ्याने हसू आलं. प्रतिकारशक्ती खांबापाशी उभी होती, डोळे चारी बाजूंना. शेवटच्या डावात एक सर्दी नाकाच्या वाटेने आत आली. अगदी घरच्यासारखी.

"कुठल्या तुम्ही?" प्रतिकारशक्तीने विचारलं.

"इथलीच," सर्दी म्हणाली. "कांजिण्यांच्या सालीही होते की मी."

"असं होय? मग त्या साली मागचं सगळं कोण आवरत होतं?"

सर्दीने इकडे तिकडे पाहिलं. "ते काय, आपोआप जायचं."

प्रतिकारशक्तीने बाह्या सरसावल्या. मी छाती भरून शिट्टी फुंकली आणि ओरडले, "बाद!" नेमक्या त्याच वेळी मैदानावर एक गडीही बाद झाला होता, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. मागच्या बाजूला डावीने पदर खोचला आणि ती उजवीला म्हणाली, "चल गं, आलं काम."