उंबऱ्याबाहेरचे सबनीसकाका

शनिवार, २३ ऑगस्ट, दुपारी चार. दुबईतलं अल मनखूल, आमच्या घरी गणपतीच्या तयारीची बैठक. हजर: मी, शेजारच्या जोशीबाई आणि उंबऱ्याबाहेर, बूट न काढता, वरच्या मजल्यावरचे सबनीसकाका.

काका निवृत्त इंजिनिअर आणि पक्के नास्तिक. आरतीलाही ते उंबऱ्याबाहेरच उभे असतात. प्रसादाला मात्र हात आत येतो. "उकडीचा मोदक पुराव्यानिशी सिद्ध झालेला आहे," म्हणतात.

"अठराव्या शतकात फ्रेंचांनी देवाची उलटतपासणी घेतली," ते बाहेरून गरजले, "आणि तुम्ही अजून मखराचा रंग ठरवताय!"

"देवाची भीती नसेल तर माणसं नीट वागतील का, काका?" जोशीबाईंनी डिवचलं.

"तुमचा देव म्हणजे हायवेवरचं रडार, बाई. दिसलं की सगळे सज्जन. मागे पडलं की यल्ला, पळा, एकशे साठ!"

काका स्वतः खोर फक्कानच्या रिकाम्या रस्त्यावरही वेगमर्यादा सोडत नाहीत. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून थकतो. खोटं तर त्यांना जमतच नाही. जोशीबाईंचा ढोकळा कच्चा राहिला, तेव्हा सगळे "छान छान" करत होते. काकांनी ताटली परत केली.

संध्याकाळी मी आरतीचं आमंत्रण द्यायला त्यांच्याकडे गेले. सुमनकाकूंना विस्मरणाचा आजार आहे. त्या खिडकीशी बसल्या होत्या. कोपऱ्यात त्यांचे देव, पुढे निरांजन. आणि निरांजनापुढे काका, अनवाणी, जमिनीवर.

काकांनी वळून मला पाहिलं.

"रोज तिन्हीसांजेला विचारायची, 'दिवा लावला का हो?'" काका म्हणाले. "नाही म्हटलं की रडायची. हो म्हणायचं तर खोटं. मग लावायलाच लागलो."

"विचारायची?"

"आठवडा झाला, विचारत नाही. काल गणपतीकडे बोट दाखवून म्हणाली, 'ही बाहुली कुणाची?'" त्यांनी ज्योतीला हाताचा आडोसा केला. "चाळीस वर्षं हिच्याशी वाद घातला. जिंकलो बघ."

काकूंनी आमच्याकडे पाहिलं आणि ओळख नसलेल्या माणसांना द्यावं तसं हसू दिलं.

मी निघाले तेव्हा काका दारापर्यंत आले. "बर दुबईला जाशील ना, वाती आण. संपत आल्यात." मी लिफ्टचं बटण दाबलं. "नको. थांब. तिने विचारलं की सांगतो, मग आण."

मखर आलं, मोदक सांगून झाले, फुलंही ठरली. वाती तेवढ्या राहिल्यात. काकांचा फोन अजून आलेला नाही.