वाणात गेलेले मासे

धनेश मेस्त्री संध्याकाळी सात वाजता कामावरून परतला, तेव्हा रुवीतल्या त्याच्या फ्लॅटबाहेर बायकांच्या चपलांच्या दहा जोड्या होत्या. उत्तराचं हळदीकुंकू आज आहे, हे त्याला त्या चपलांनी सांगितलं. त्यांच्यातून वाट काढत तो आत शिरला आणि हॉलमधल्या दहाही जणींनी एकदम टाळ्या वाजवल्या.

वीस वर्षं मस्कतमधल्या स्वयंपाकघरांना कपाटं करून दिली, पण टाळी कुणी वाजवली नव्हती. मागून कोणी मोठा माणूस आला असेल म्हणून धनेशने वळून पाहिलं.

"भावजी, तुमच्यासाठीच!" पूर्वा म्हणाली. ती खालच्या मजल्यावरच्या राकेशची बायको. "आमच्या ह्यांना जरा शिकवा. बायकोसाठी असं काही करतात म्हणावं!"

तिच्या तळहातावर एक लाकडी मासा होता. वीतभर लांब, निळ्या पाठीचा, चंदेरी पोटाचा. तसाच एक प्रमिलाकाकूंच्या मांडीवर होता, तसाच प्रियांकाच्या ओटीत. धनेशने मनातल्या मनात मोजले. दहा. अकरावा देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी, कपाळभर कुंकू लेवून बसला होता.

धनेशचा हात खिशाकडे गेला. खिशात गळांची पुडी होती. ते गळ उद्या याच माशांच्या पोटाला लावायचे होते.

"उत्तरा, आता नाव घे गं! समोरच आहेत!"

उत्तराने पदर सावरला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, तरी तिच्या गालावर रंग चढला.

"सागाच्या माशाला रंग दिला निळा,
धनेशरावांच्या बोटांना माझाच लळा."

पुन्हा टाळ्या पडल्या. धनेशने तोंड उघडलं, उत्तराकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

त्याचं असं झालं होतं. धनेशच्या अर्बाबचे, म्हणजे मालकाचे, वडील खल्फान हे कुरियातचे जुने नाखवा. रास अल हद्दच्या बाजूला समुद्राला अशी ओढ असते, की बाजारातले आमिषाचे प्लास्टिकचे मासे तिथे टाकले की भोवऱ्यासारखे गरगरतात आणि खरी सुरमई लांबूनच निघून जाते. खल्फान यांच्याकडे त्यांच्या वडिलांच्या वेळचा एक लाकडी मासा होता. तो मोडला, तेव्हा त्यांनी तो रुमालात बांधून वर्कशॉपमध्ये आणला. धनेशने त्याबरहुकूम दुसरा केला. आरपार स्टीलची तार, तिचा फास तोंडाशी बाहेर काढलेला, पोटात शिसं. तोंड असं तिरकं तासलेलं, की पाण्याने डोकं दाबलं की मासा बुडी मारून शेपूट हलवत पोहणार. बाथरूमच्या टबात दोन्ही नळ पूर्ण सोडून त्याने तो तासभर पोहवला होता. उत्तराने बाहेरून दोनदा विचारलं होतं, "अहो, पोट बिघडलंय का?"

नवा मासा समुद्रात नेऊन आल्यावर खल्फान यांनी धनेशचे दोन्ही हात हातात धरले होते. "दस और बनाओ. शुक्रवार तीन बेटा आता है. एक दुबई, एक सलाला, एक सोहार. पाँच साल बाद सब एक बोट में बैठेगा. फिर कब बैठेगा, अल्ला मालूम."

"पक्का," धनेश म्हणाला होता. धनेशचे वडील सावंतवाडीला लाकडी खेळणी करायचे. प्लायवूड कापता कापता स्वतःच्या बोटांना खरं लाकूड समजतं, हे धनेश विसरूनच गेला होता. म्हातारबांनी ते त्याला परत आणून दिलं होतं. दहा हा आकडा बोडका वाटला म्हणून त्याने अकरा केले.

इकडे महिन्यापूर्वी उत्तरा भाकरी थापताना म्हणाली होती, "या वर्षी वाण काहीतरी वेगळं हवं. हाताने केलेलं." धनेश लाकूड घासता घासता "हं" म्हणाला होता. पण नुसत्या "हं"वर चौदा वर्षं संसार केलेली बाई ती; हाताशी असाव्यात म्हणून तिने मुंबईहून स्टीलच्या गाळण्याही मागवल्या. त्या आणणार होता राकेश. विमानतळावर त्याच्या बॅगेचं वजन जास्त भरलं, तेव्हा त्याने स्वतःची फरसाणाची पाकिटं ठेवली आणि गाळण्या भावाच्या हाती परत दिल्या. बुधवारी, हळदीकुंकवाच्याच दुपारी, हे कळलं तेव्हा उत्तरा रडवेली होऊन गॅलरीत गेली. तिथे दोरीवर अकरा मासे वाळत होते, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी किल्ली अडकवायला कडी! दहा बायका आणि अकरावा देवाचा. आपला नवरा बोलत नाही, पण ऐकतो. एवढंच तिच्या मनात आलं, आणि ती रडायचं ते वेगळ्याच कारणाने रडली.

गुरुवारी धनेशने अर्धी सुट्टी घेतली आणि राकेशला गाडी काढायला लावली. संध्याकाळी सहाला खल्फान मासे न्यायला येणार होते.

"सरळ वहिनींना सांग ना," राकेश म्हणाला.

"तू सांग."

"मी? गाळण्यांपासून त्या माझ्याशी बोलत नाहीत."

"मग गप गाडी चालव."

सुरुवात राकेशच्याच घरापासून झाली. मासा पूर्वाच्या किल्ल्यांना लागला होता.

"वहिनी, जरा फिनिशिंग राहिलंय. दोन दिवसांत देतो."

"अय्या, मग पाठीवर 'पूर्वा' कोराल का? थोडं वळणदार?"

धनेशने वहीत लिहून घेतलं. ही बातमी पूर्वाच्या फोनने पुढच्या घरी पोचायला दोनच मिनिटं लागली असणार, कारण तिथे दार उघडतानाच मागणी तयार होती: माझ्या माशाला नथ घाला. तिसरीला माशाचे डोळे रागीट वाटत होते. दारसेतला मीराबाईंनी गच्चीत साबुदाण्याच्या पापड्या घातल्या होत्या आणि प्लास्टिकचा कागद उडू नये म्हणून कोपऱ्यावर मासा ठेवला होता.

"वजन अगदी बरोबर साधलंय हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "उरलेल्या तीन कोपऱ्यांना पण करून द्या."

अल मवालेहला प्रियांकाकडे मात्र दोघे अडकले. तिच्या दहा महिन्यांच्या साईने मासा मुठीत धरला होता. काढायला गेलं की तो भोकाड पसरायचा.

"झोपला की सुटेल," प्रियांका म्हणाली. "मी दमले बाई. तुम्हीच बघा."

धनेश पाळण्याशी बसला आणि आपली आई म्हणायची ती अंगाई हळू आवाजात म्हणू लागला.

"दर्या निजला, होडी निजली,
माशाची शेपूट हळूच थिजली…"

दहाव्या वेळी घोरणं ऐकू आलं. धनेशने मान वळवली. सोफ्यावर राकेश गाढ झोपला होता. साई टक्क जागा होता आणि माशाने पाळणा ठोकत ताल धरत होता. शेवटी धनेशने खिशातली घडीची मोजपट्टी उघडून दाखवली. ती लांब होताना पाहून साईने मासा टाकला आणि पट्टी घेतली. मोजपट्टी तिथेच राहिली.

पाच वाजता पिशवीत नऊ मासे होते. दहाव्या दारावर, प्रमिलाकाकूंच्या, कुलूप होतं. शेजारी म्हणाला, "दुपारच्या विमानाने पुण्याला गेल्या. मुलीचं बाळंतपण आहे."

धनेश घरी आला तेव्हा उत्तरा गॅलरीत बसली होती. समोर चहाचे दोनच कप होते. तिने राकेशकडे बघितलं आणि राकेश जिन्यावरूनच परत गेला.

"प्रमिलाकाकूंचा फोन होता. एअरपोर्टवरून," उत्तरा म्हणाली. "मशीनमध्ये मासा काळा दिसला. पोटात शिसं आहे म्हणे."

धनेश पिशवी मांडीवर घेऊन बसला.

"तिथल्या ऑफिसरने हातात घेऊन बघितला आणि विचारलं, 'कनाद पकड़ने जाता है, मम्मा?' कनाद म्हणजे सुरमई. काकू म्हणाल्या, हा वाणाचा आहे. तो हसायला लागला. म्हणाला, माझे वडील असलाच वापरायचे. मग काकूंनी त्याला देऊन टाकला. वर तिळगूळही दिला." उत्तराने कप खाली ठेवला. "पिशवीत काय आहे?"

"नऊ."

"नऊ घरी जाऊन वाण परत मागितलंत?"

"फिनिशिंग म्हटलं."

"कुणाचे आहेत हे?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. धनेशने खल्फान यांचं, तीन मुलांचं, दिलेल्या शब्दाचं सगळं सांगितलं. इतकं सलग तो चौदा वर्षांत बोलला नव्हता.

"म्हणजे माझ्यासाठी नव्हते," उत्तरा म्हणाली.

"नव्हते."

"मग काल सगळ्यांपुढे मी नाव घेत होते तेव्हा का नाही बोललात?"

अडचणीत आला की धनेशला मालवणीच सुचायची. "तुझो चेहरो बघलंय," तो म्हणाला, "आणि तोंडच उघडला नाय."

खाली रस्त्यावर कोणी तरी हॉर्न वाजवत होतं. उत्तरा उठून आत गेली. धनेशला वाटलं, आता बेडरूमचं दार लागणार. पण ती परत आली तेव्हा तिच्या हातात देव्हाऱ्यातला मासा होता.

"धरा. हा दहावा."

"तो राहू दे. तो देवाचा."

"देवाला कुठे दुबईहून मुलं यायची आहेत? गळ काढा ते. सहा वाजत आले."

तिने माशाचं कुंकू पदराने पुसलं आणि शेजारी बसून एकेक मासा तोंडाच्या कडीला पकडीने धरून ठेवला. धनेश पोटाला गळ अडकवत गेला. शेवटच्या माशापर्यंत गळ एकदाच टोचला. तो राकेशला टोचला, कारण तो "वहिनी, मदत करू?" म्हणत डोकावायला आला होता.

शुक्रवारी संध्याकाळी धनेश गॅलरीत सागाचा नवा ठोकळा तासत होता. शेजारी उत्तरा घासकागद घेऊन बसली होती. नऊ घरच्या मागण्यांची वही तिच्या मांडीवर उघडी होती. फोन वाजला. खल्फान होते. धनेशने स्पीकर लावला.

"कनाद मिला!" म्हातारबा ओरडले. "छोटा बेटा पकड़ा, बड़ा बेटा खींचा, बीच वाला पानी में गिरा! बचपन में जैसा हँसता था, वैसा हँसा. शुक्रन, धनेश, शुक्रन!"

"हमको भी अच्छा लगा, बाबा."

"मगर एक मुश्किल." आवाज खाली आला. "खाना के बाद घर का औरत लोग आया. मेरा बीवी मछली देखा, बोला बहुत सुंदर. काँटा निकाला और सब बाँट दिया. बहू को, बेटी को, पड़ोस में भी. मैं सोया था. अभी एक भी नहीं, खलास!"

धनेशने ठोकळा खाली ठेवला. उत्तराने घासकागद तोंडावर दाबला, पण हसू काही दबलं नाही.

"वापस कैसे माँगेगा?" खल्फान केविलवाणेपणाने म्हणाले. "तुम और दस बना दो. कब मिलेगा?"

धनेशने उत्तर देण्याआधी उत्तराने फोन उचलला.

"बाबा, टाइम लगेगा," ती म्हणाली. "पहला मेरा बनेगा. उसके बाद दस औरत लोग का. उसके बाद आप."



"ठीक है, बेटी," खल्फान म्हणाले. "मैं लाइन में बैठा है."